बांधापासून दारापर्यंत

॥ नारायण प्रसन्न ॥

तोशाण, २ एप्रिल १९८३

चि. गेहरूस, अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. आईचा गुडघा अजून धरतोय हे वाचून दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. इथे आमच्या उतारावर जर्दाळूचं एकुलतं एक झाड फुललंय. आपल्या घरामागचा डोंगर कसा एकदम पांढराशुभ्र व्हायचा रे! माझी कुंती विचारते, आजी कुठे राहते. मी त्या बर्फाच्या शिखरापलीकडे म्हणते, तर वेडी शिखरालाच हात जोडते. मग मला पदर डोळ्यांना लावावा लागतो.

देव अंगात येईल असा नवा गूर मिळाला का? देवाला न विचारता मी दौलतरामांशी लग्न केलं, हे मान्य. देवाने स्वतः बोलावल्याशिवाय गावात पाय ठेवायचा नाही, हेही मान्य. पण ज्यांच्या तोंडून तो बोलायचा ते म्हातारे गूरच वारले. आता त्याने मला बोलवायचं तरी कसं?

तुझा डावा पाय कसा आहे? अक्रोडावरून पडलेल्या माणसाने पालखीला खांदा देऊ नये असं माझं मत आहे, पण माझं कोण ऐकतं!

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
नरोती

॥ नारायण प्रसन्न ॥

धारठ, १९ मे १९८३

ती. सौ. नरोतीदीदीस, शि. सा. न. वि. वि.

नव्या गूरचं विचारलंस. कारदारकाकांचा धाकटा गेल्या महिन्यात देवळात थरथरू लागला. ढोल वाजले, धूप पेटला, काकांची मान तर आभाळाला टेकली. निघाला थंडीताप! काका अजून कुणाशी धड बोलत नाहीत. देवाचा कारभार त्यांच्या हाती, त्यामुळे सगळं गाव तोंडात लोकरी पट्टूचा पदर कोंबून हसतं.

आई तुझं नाव काढत नाही. फक्त मागच्या दाराची कडी लावत नाही. काळोखात कुणी चोरपावलांनी आलंच तर, म्हणते. येतं ते मांजर, आणि दूध पिऊन जातं. कुंतीसाठी विणलेला पट्टू केव्हाच पुरा झालाय. तरी रोज काढून कुरवाळते आणि पुन्हा पेटीत ठेवते.

श्रावणात देव मणिकर्णच्या कुंडात स्नानाला निघतोय. वाट तुमच्या गावाखालूनच जाते. काकांनी बजावून सांगितलंय, की नरोतीने रस्त्यावर येऊ नये, आणि आमच्यापैकी कुणी तिच्या घरी पाणीही प्यायलं तर त्याचा पालखीचा खांदा सुटला. दीदी, तू सज्ज्यातूनच बघ.

रागाव, पण लिहीत राहा.

तुझा
गेहरू

॥ नारायण प्रसन्न ॥

तोशाण, ४ जून १९८३

चि. गेहरूस, अ. उ. आ.

सज्ज्यातून बघेन. कारदारकाकांना सांग, की अंगण सारवायला मनाई ऐकली नाही, म्हणून सारवणार आहे. रागावले नाही. नुसती वाट बघतेय.

तुझी
नरोती

॥ नारायण प्रसन्न ॥

धारठ, ११ ऑगस्ट १९८३

ती. सौ. दीदीस, शि. सा. न. वि. वि.

त्या दिवशी तू वरून पाहिलंस, आता खालून ऐक. रस्त्यावरून तुझं सारवलेलं अंगण दिसलं आणि माझ्याने राहवलं नाही. मी दांडी तुझ्या घराकडे रेटली. पालखी वळली, मक्यात शिरली. लोक ओरडले, की देव वळला, देव वळला! शेताच्या बांधाला माझा हा मेला पाय अडकला आणि मी चिखलात तोंडघशी पडलो. वर बघतो तो पालखी तुझ्या अंगणात टेकलेली, आणि तू लाल तांदूळ वाहत रडतेस.

आता ऐक पुढचं. देव स्वतः गेला असेल तर नरोतीला आश्विनाच्या जत्रेला मानाने बोलवायचं, असं पंचांनी ठरवलंय. पण काकांना माझा संशय आहे. पालखीवर हात ठेवून मी सगळ्यांसमोर शपथ घ्यायची, की मी नेली नाही. दीदी, देवावर हात ठेवून खोटं कसं बोलू? आणि खरं बोललो तर तुझं माहेर कायमचं तुटतं. आईने आनंदाच्या भरात पट्टू उन्हाला घातलाय. तिला काय सांगू?

तुझा
गेहरू

॥ नारायण प्रसन्न ॥

तोशाण, १८ ऑगस्ट १९८३

चि. गेहरूस, अ. उ. आ.

वेड्या, तू वळवलीस हे मला तेव्हाच कळलं. मक्यातून येताना पालखी पावलागणिक डावीकडे लचकत होती. देव कधी लंगडतो का?

पण तू चिखलात तोंड घालून पडला होतास, मी सज्ज्यात उभी होते. तू पडल्यावर कारदारकाका धावत आले आणि पालखी मागे घ्या म्हणून ओरडले. तिघे उरले होते, त्यांनी टाचा रोवून मागे ओढली. त्यातला खीमी तर दांडीला लोंबकळलाच होता. तरी ती पुढेच येत राहिली, गेहरू. आणि मुळीच लचकत नव्हती. खीमीला विचार, तो सांगेल. सगळ्यांचं लक्ष तुझ्यावर, त्या तिघांना विचारलंय कुणी?

तेव्हा पालखीवर हात ठेव आणि जेवढं केलंस तेवढं बिनधास्त सांग. बांधापर्यंत मी आणली, बांधापासून दारापर्यंत तो आला. एवढ्यावर ज्याला माझं माहेर तोडायचं असेल त्याने देवाशी भांडावं.

आम्ही निघायच्या तयारीला लागलो आहोत. कुंती आत्तापासून टोपी घालून बसलीय. आईला माझा नमस्कार सांग, आणि मागच्या दाराला आता कडी घालायला सांग. मी पुढच्या दाराने येणार आहे.

तुझी
नरोती