वरचा प्लॉट: अंदाजे दोन

१४ जून, सकाळी ६.४०

आजपासून रोज लिहायचं. कुणी वाचणार नाही, त्यामुळे खरं लिहिता येईल.

परिस्थिती अशी. पीएच.डी.ला नाव नोंदवून आठ वर्षं झाली. शेवटची मुदतवाढ डिसेंबरपर्यंत. त्यानंतर नोंदणी रद्द, आणि कॉलेजात परमनंट होण्याची आशाही त्याच फायलीत. विषय: वणव्यानंतर जंगल पुन्हा कसं उभं राहतं. आठ वर्षं नीट वणवाच मिळाला नाही. मार्चमध्ये सोयगावच्या पुढे एक अख्खी टेकडी जळाली. बातमी वाचून उमा हळहळली. मी पेढे आणले. उमा दोन दिवस बोलली नाही. बायकोला संशोधन समजावणं अवघड.

प्लॅन: दर पंधरा दिवसांनी रविवारी जायचं. दहा बाय दहा मीटरचे दोन प्लॉट. खालचा, टेकडीच्या पायथ्याशी, कडुबा नावाच्या शेतकऱ्याच्या बांधाला लागून. वरचा माथ्यावर, पाऊण तासाची चढण. दोन्हीकडे उगवलेलं प्रत्येक रोप मोजायचं. पाच महिने. सोपं आहे.

१५ जून

पहिली फेरी. मुकुंदवाडीहून पहाटे निघालो. पहिली एसटी थोडक्यात चुकली (पाऊण तासाने). सिल्लोडला भजी.

कडुबा आमचे वाटाडे. साठी उलटलेली, पाय बकरीचे. सरूबाई त्यांच्या मंडळी. खालच्या प्लॉटमध्ये रोपं तीन. कडुबांनी विचारलं, तीन म्हंजी चांगलं का वाईट? मी स्पष्ट सांगितलं, वाईट. मग किती पायजेत? म्हटलं, निदान वीस, नाहीतर माझं काही खरं नाही. जेवायला पिठलं-भाकरी होती, मला एकच भाकरी गेली (भजी). सरूबाई कडुबांना हळूच म्हणाल्या, सरांनी लई मनाला लावून घेतलंय.

वरचा प्लॉट: गेलो नाही. नवे बूट चावतात. मी अजून वर गेलेलोच नाही म्हणा. एप्रिलमध्ये मेघा मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडनी, स्वतः चढून तो आखला. तेव्हा मी खाली सामान सांभाळत होतो. सामान कुणीतरी सांभाळावंच लागतं.

२९ जून

रोज लिहायचं राहिलं. पण रोज काही घडत नाही, त्यामुळे डेटाचं नुकसान नाही.

खालचा प्लॉट: नऊ! सहा नवीन, सगळी सीताफळाची. दोन आठवड्यांत वीतभर वाढ. निसर्गाचा हा वेग पुस्तकांत कुठेही नोंदलेला नाही.

वरचा: गुडघा. कडुबा म्हणाले, सर, चला की वर, लई गंमत हाय. म्हटलं, पुढच्या वेळी नक्की. वर माती कमी, म्हणजे रोपंही कमी. "अंदाजे २" लिहिलं. हे गणित आहे, आळस नव्हे.

१३ जुलै

खालचा: सोळा. उमाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, वर गेलास का? अभिनंदन वगैरे काही नाही.

सगळी रोपं रांगेत आहेत. चार-चारच्या चार रांगा. परतीच्या एसटीत विचार केला. पाणी उतारावरून समांतर ओहोळांनी येतं, बिया ओहोळात रुजतात. स्वच्छ आहे. खिडकीची सीट मिळाली की मेंदू चालतो.

वरचा: निसरडं झालं असणार. अंदाजे २.

२७ जुलै

वीस. बरोबर वीस. डोळ्यांत पाणी आलं. सरूबाईंच्याही आलं. त्या म्हणाल्या, आता जेवा पोटभर. तीन भाकऱ्या आणि ठेचा. इतकी आपुलकीची माणसं शहरात मिळत नाहीत.

एक निरीक्षण: प्रत्येक रोपाभोवती मातीचा गोल कठडा तयार झाला आहे. पावसाच्या थेंबांचा परिणाम. याला नाव द्यायला हवं.

कडुबा परत वर चला म्हणाले. वर बिबट्याचे ठसे दिसतात का, विचारलं. म्हणाले, कधीमधी. बस. जबाबदार संशोधक जीव धोक्यात घालत नाही.

१० ऑगस्ट

निष्कर्षाचं प्रकरण लिहायला घेतलं. डेटा यायचाय, पण निष्कर्ष आधी लिहिला की डेटाला दिशा मिळते. सिद्धांत: वणव्यानंतर सीताफळ सर्वांत आधी येतं, रांगेत येतं, आणि पायथ्याशीच येतं. माथा उजाड राहतो. शेवटचं वाक्य जमून आलंय.

मॅडमना मेल केला. त्यांचं उत्तर: "रांगेत?" एवढंच. उत्सुकता वाटलेली दिसते.

२४ ऑगस्ट

गेलो नाही. पोळ्याची धावपळ होती (पोळा परवाच झाला, पण धावपळ उरते). मागचाच आकडा लिहिला.

७ सप्टेंबर

एकोणीस! एक रोप वाळलं. कडुबांना दाखवलं, तर त्यांचा चेहरा माझ्याहून जास्त पडला. म्हणाले, सर, तुम्ही काळजी करू नका.

प्लॉटभोवती बाभळीच्या फांद्यांचं कुंपणही दिसलं. बहुतेक वनखात्याचं. सरकारी माणसं इतकी मन लावून काम करतात, हे लोकांना माहीत नसतं.

वरचा: अंदाजे २. (नवीन बूट जुने झाले, पण आता सवय मोडली.)

२१ सप्टेंबर

पुन्हा वीस! हे फार महत्त्वाचं आहे. एक गेलं की जंगल स्वतःहून त्या जागी दुसरं उभं करतं. वीस हाच या टेकडीचा समतोल आकडा. आणि तो मी जूनमध्येच, एकही पान न उलटता, तोंडी सांगितला होता. याला अनुभव म्हणतात.

५ ऑक्टोबर

वीस. पोटभर जेवलो. कडुबा आज वर चला म्हणाले नाहीत. नुसतं माथ्याकडे बघून हसले. थोडं चुकल्यासारखं वाटलं. एसटीत बसेपर्यंतच.

१ नोव्हेंबर, दुपारी

मॅडमचा फोन. पुढच्या रविवारी स्वतः येतायत, दोन्ही प्लॉट बघणार. साइट बघितल्याशिवाय सही करणार नाहीत. म्हटलं, मॅडम, अवश्य. त्या अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत, एप्रिलमध्ये एकदा चढल्या, आता पुन्हा माथ्यावर काही जाणार नाहीत. खालचा दाखवला की भारावतील. उमाने विचारलं, वर गेलास का? हिला दुसरा प्रश्न सुचत नाही.

९ नोव्हेंबर, एसटीत

क्रमाने लिहितो.

मॅडमनी खालचा प्लॉट पाहिला. बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे न बघता कडुबांना विचारलं, ही रोपं कुणी लावली?

कडुबांची मान ताठ झाली. व्हय, आम्हीच की. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं, वीस लागत्यात म्हणून. बिचारे मोजून मोजून तोंड बारीक करून बसायचे, भाकरी जात नव्हती. दारी आलेलं माणूस असं रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? सरूबाईनं हंड्यानं पाणी घातलं, मी आळी केली, बकऱ्या येतील म्हणून कुपाटी घातली. मधी एक मेलं, तर रातच्याला झोप आली नाय, सकाळीच दुसरं आणून लावलं.

मॅडमनी वाकून एका रोपाचं आळं बोटाने चाचपलं. सरूबाई घाबरल्या. म्हणाल्या, आंबा लावायला पायजे व्हता का?

मला कुठे बघावं कळेना. मी म्हटलं, मॅडम, वरचा प्लॉट... म्हणजे तिकडे फारसं काही नाही. तोवर मॅडम चढायला लागल्या होत्या. मी मागे. तीनदा बसलो, त्या एकदाही नाही.

वर पोचलो.

जळक्या खोडांतून फुटवे आले होते. धावडा, पळस, टेंभुर्णी, अंजन. कमरेइतके. काळ्या बुंध्यांना हिरवी पानं. मधे गवत, गवतात आणखी रोपं, मला नावंही पटकन आठवेनात. कडुबा म्हणाले, जूनमधी बोटाएवढं व्हतं सर. दर पंधरवड्याला वेगळं दिसायचं. म्हणून म्हणत व्हतो, चला. मला वाटायचं, कडुबा नुसतं मजेसाठी बोलावतात.

मॅडम मोजायला लागल्या. एकशे चाळीसपर्यंत मोजलं, अजून अर्धा प्लॉट बाकी होता. मग हात पुढे करून माझी मोजणीची वही मागितली. पानं उलटली. प्रत्येक पानावर माझ्या सुंदर अक्षरात: वरचा प्लॉट, अंदाजे २.

वही मिटून परत दिली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

उतरताना कडुबांकडे बोट दाखवून एवढंच म्हणाल्या, एका मोसमात जंगल कसं परत आलं, हे या माणसाने पाहिलंय. लिहून ठेवायला तू हवा होतास. सही करणार नाहीत. हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, तरी कळलं.

निघताना कडुबा पिशवी घेऊन आले. हळूच विचारलं, सर, नापास झालात काय आमच्यामुळं? म्हटलं, नाही हो, तुमच्यामुळे नाही. पाच महिन्यांत मी उच्चारलेलं पहिलं अचूक विधान. फार वाईट वाटतंय. एसटीत खिडकी मिळाली, पण मेंदू चालला नाही.

१० नोव्हेंबर, सकाळी

उमाला सगळं सांगितलं. हसेल वाटलं होतं. हसली नाही, चहा केला. मग थोडीशी हसली.

पिशवीत सीताफळं होती, कडुबांच्या बांधावरची, मोठी. एक खाल्लं. बशीत बिया मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. सत्तेचाळीस.

अंदाजे नाही.