जुहूच्या ओट्याखालचा मग

तात्या, मी रागानं लिहायला बसलोय, हे आधीच सांगतो. तुम्ही असता तर तोंडावर बोललो नसतो. चौथीनंतर शाळेतून काढून तुम्ही मला आपल्या चहाच्या हॉटेलात कपबशा धुवायला बसवलंत, तेव्हासुद्धा मी काही बोललो नव्हतो. अक्षर असं आहे ते त्यामुळेच. हा कागद कुठं पाठवायचा नाही, तेव्हा चुकलं तरी चालेल.

तुमचा नातू, माझा पोरगा, मुंबईला, जुहूला राहतो. त्याचा जन्म तुम्ही पाहिला नाहीत. या उन्हाळ्यात हट्टानं तो मला तिकडं घेऊन गेला. इथं जामखेडला आपण टँकरची वाट बघतो आणि तिथं खिडकी उघडली की नजर पोचेल तिथवर पाणी, तेही तोंडात घेता येत नाही असलं. मला झोपच लागेना. भरतीचा आवाज आला की वाटायचं, आता हे घरात शिरतंय. सूनबाईला विचारलं, समुद्र कधी रस्त्यावर येतो का गं? ती हसली. म्हणाली, "आला तरी चौदाव्या मजल्यावर कसा येईल, बाबा?" तिचं बरोबर होतं, पण खालच्यांचं काय, हे काही माझ्या डोक्यातून जाईना.

दिवसा घरात मी आणि कामाला येणारी बाई, एवढेच. बोलण्यावरून मी तिला पहिल्याच दिवशी आपल्याकडची म्हणून ओळखलं. "तुमी जामखेडचं व्हय बाबा? आमी खर्ड्याकडचं की!" तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे, ही लग्न होऊन मुंबईला आली. जुहू मला दाखवलं ते तिनं, पोरानं नाही. त्याला वेळ कुठं असतो? वाळूत कुठून उतरलं की पाय घसरत नाही, कुठल्या बाकावर सकाळी सावली असते, कुठल्या हॉटेलापुढं उभं राहिलं तरी शिपाई हाकलतो, सगळं तिला पाठ. एका बंगल्यापुढं लोक नटाला बघायला ताटकळत उभे असतात. ती म्हणाली, "काय बघत्यात कुणाला ठावं. त्याच्या घरी बी दोडकाच शिजतोय. माझी जाऊ तितं भांडी घासती." मी लई दिवसांनी हसलो. तिथं कुत्र्यांना लहान पोरांच्या गाडीत बसवून फिरवतात, तात्या. त्यांना पाणी पाजायची वाटीसुद्धा बरोबर असते.

सकाळचा चहा मी करायचो. तेवढं एकच काम मला नीट येतं, आणि ते तुमच्याच हाताखाली शिकलो. एकदा तिच्यापुढं कप ठेवला, तर ती त्याला शिवेना. ओट्याखाली वाकली, फिनेलच्या बाटलीशेजारून एक स्टीलचा मग काढला, कपातला चहा त्यात ओतला आणि कप लगेच धुऊन ठेवला. "असू द्या बाबा. माझा हितं हाय."

ही गोष्ट मला पाठ होती. आपल्या हॉटेलाच्या बाहेरच्या भिंतीत कोनाडा होता आणि त्यात कानतुटका कप. ओढ्यापलीकडची माणसं यायची, त्यातच प्यायची, स्वतः विसळून पालथा घालून जायची. पैसे ती फळीवर टाकायची, तुमच्या हातात द्यायची नाहीत. तो कप मी का धुवायचा नाही, असं एकदा विचारलं, तर तुम्ही चहाचा डाव माझ्या पाठीत घातलात. "रीत हाय ती. मोडली तर उद्या हॉटेलात कुत्रं फिरकायचं न्हाई." तो चटका अजून आठवतो.

त्या संध्याकाळी मी पोराला धारेवर धरलं. तो म्हणाला, "बाबा, हे जातीचं नाही, स्वच्छतेचं आहे. ती बाहेरून येते, पाच घरची कामं करून."

"आणि तू काय देव्हाऱ्यातून येतोस का रे?"

"हळू बोला. शेजारी ऐकतील."

हेच मला झोंबलं. शेजाऱ्यांनी ऐकू नये, हे त्याला कळत होतं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पाहुण्यांचा सोनेरी काठाचा कप काढला, तिला चहा दिला आणि पिऊन होईपर्यंत समोर बसून राहिलो. ती काकुळतीला आली होती. "नगा ना बाबा. तुमी आज ना उद्या गावाला जाताल. मला हितंच ऱ्हायाचंय." मी ऐकलं नाही. कामाला निघालेल्या सूनबाईनं दारातून बघितलं. चार दिवसांत नवी बाई आली आणि मांडणीतून तो सोनेरी काठाचा कपही गेला.

मग मी तिला शोधत निघालो. वॉचमननं सांगितलं तसा समुद्राकडं पाठ करून चालत गेलो. बंगले संपले, मोठा रस्ता ओलांडला, नाला आला. नाल्याच्या कडेनं पत्र्याची घरं, डोक्यावरून विमानं. जुहूची सगळी भांडी घासणारी माणसं तिथं राहतात. शेजारीण दारातच म्हणाली, "ह्योच का गं तुझा च्यावाला बाबा? काम घालवनारा?" मला तोंड वर करता येईना. बाई स्वतः मात्र चिडली नव्हती. म्हणाली, "घावलं दुसरं काम. तितं च्या देतच न्हाईत. बरं हाय, कटकटच न्हाई."

बरं हाय! तात्या, हे ऐकायला मी तिथवर गेलो होतो. पोरावर राग आहे, सुनेवर आहे, पण तुमच्यावरचा राग जातच नाही. तुम्ही गेलात, हॉटेल गेलं, त्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, कोनाडा मी स्वतः विटा घालून बुजवला. वाटलं, संपलं. आणि मी लिफ्टचं बटण दाबायला घाबरत होतो तोवर तुमची रीत चौदाव्या मजल्यावर जाऊन बसलीसुद्धा होती.

पोराशी भांडूनच परवा गावी आलो. एक गोष्ट मात्र त्याला सांगितली नाही. त्या दिवशी तिनं पत्र्याच्या घरात माझ्यासाठी चहा टाकला, कपबशीत ओतला, पुढं केला. माझा हात लगेच पुढं गेला नाही. खर्ड्याकडची म्हणजे कुणाची, आडनाव काय, हे मनात आलंच. तिनं ते बघितलं.

"निवतोय, बाबा," एवढंच म्हणाली.

मग मी घेतला.