बंडूदादानं सांगितलेला मुरूम

पुणे, रविवार संध्याकाळ

जेवण गेलं नाही. मुरूम म्हणाला होता तो. माझे गिऱ्हाईक रोहनसर, त्यांची गाडी बडनेऱ्याच्या मैदानावरच्या ऑटोक्रॉस शर्यतीले इथूनच सेट करून पाठवायची होती, म्हणून फोनवर दोनदा विचारलं, "बंडूदादा, ग्राउंड कसं हाय?" म्हणे, "एकदम कडक मुरूम. डोळे मिटून लाव."

चुलतभाऊ माझा. तिकडंच, बडनेऱ्याजवळ राजापेठेत त्याच्याच गॅरेजात पाना धरायले शिकलो. त्याच्यावर भरोसा नाही ठेवायचा तं कोणावर?

मी कडक जमिनीच्या हिशोबानं लावलं. पुढची चाकं वरून चांगली आत झुकवली, टो, म्हणजे चाकांची पुढची टोकं, थोडा बाहेर, म्हणजे गाडी झटकन वळंन. ग्राउंड निघालं भुसभुशीत काळ्या मातीचं! गाडी वळलीच नाही, वळणावर ठेवलेले लाल कोन उडवत सरळ गेली. जिंकली अकोल्याच्या एका शेठची गाडी. ती बंडूदादानं लावलेली. व्हिडिओत तिच्या बाजूले उभा राहून हसून राहिला.

फोन केला तं म्हणे, "मनाले नको लावू बावा, धंदा हाय. दिवाळीले ये, मटण खाऊ."

मटण! सांगत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. मुरूम काहून म्हणाला?

रोहनसरांनी विचारलं, "ग्राउंडची माहिती कोणी दिली तुला?" म्हटलं, "कोणी नाही सर, माझाच अंदाज चुकला." आता त्यांची गाडी दुसरा मिस्त्री लावणार. पण घरचा माणूस खोटा बोलला, हे परक्याले सांगायले जीभच उचलली नाही.