कडू पाल्याचं वाक्य

प्रिय माय,

नाना आत्ता शेजारी आबांच्या ओट्यावर गेले आहेत. जाताना टोपी घालून गेले. रोज तिथे तंबाखू मळायला जातात तेव्हा कुठे टोपी घालतात ते? मी दारात उभी राहून पाहिलं, पण तुळशीच्या आडून काही दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. ते परत येईपर्यंत माझा हात कशालाच लागणार नाही. म्हणून तुला लिहायला बसले.

तुला वाचता येत नव्हतं, हे मला माहीत आहे. मी लिहून झाल्यावर मोठ्याने वाचीन. पूर्वीसारखं.

आठवतं का तुला? तू चुलीपुढे भाकरी थापायचीस आणि मी पाटावर बसून धडा वाचायचे. आपल्या घरात शाळेत गेलेली मी पहिलीच, त्यामुळे माझं बरोबर की चूक हे सांगणारं कोणी नव्हतं. तरी एखादा अवघड शब्द मी गुपचूप ओलांडला की तुला कळायचं. भाकरी उलटता उलटता म्हणायचीस, "गाळं ना काही?" अक्षरओळख नसताना तुला कसं कळायचं गं? मी कधी विचारलंच नाही.

उद्या सकाळी मला एक व्हिडिओ करायचा आहे. साप चावला तर काय करायचं आणि काय नाही, एवढंच सांगायचं आहे, पण आपल्या अहिराणीत. मी नर्स आहे त्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी मला बोलावून सांगितलं, "आम्ही सांगितलेलं लोक ऐकतात आणि घरी जाऊन तेच करतात जे आजवर केलं. तू त्यांच्यातली आहेस. तू बोल." मी हो म्हटलं. नाही म्हणायला हवं होतं का?

हो म्हटल्यापासून मला नीट झोप नाही. धुळ्याला खोलीवर आरशापुढे उभी राहून मी पाठ केलं, मैत्रिणीला मोबाइल धरायला लावला आणि बोलायला लागले. चौथ्याच वाक्याला म्हणाले, "चावलेल्या जागेच्या वर घट्ट दोरी बांधा." मैत्रीण हसून म्हणाली, "बांधा की बांधू नका?" माय, एक 'नका' गळालं आणि समोर कोणी खरंच ऐकत असतं तर? कोणी आपल्या मुलाच्या पायाला दोरी आवळली असती. त्या दिवशी ठरवलं, पाठ करून बोलायचं नाही. लिहिलेलं वाचायचं, अक्षर न् अक्षर.

पण कागद धरून वाचलं की मान खाली जाते, आणि मान खाली घालून सांगणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवणार? म्हणून मी एक लहानसा टेलिप्रॉम्प्टर मागवला. नाव मोठं आहे, वस्तू चपलेच्या खोक्याएवढी. बातम्या सांगणाऱ्यांकडे असतो तो कपाटाएवढा असेल, हा आपल्या ऐपतीतला. खाली एक मोबाइल आडवा ठेवायचा, त्याच्यावरची अक्षरं तिरक्या काचेत दिसतात आणि हळूहळू वर सरकतात. काचेच्या मागे दुसरा मोबाइल आपलं चित्र घेतो. आपण वाचत असतो, पण पाहणाऱ्याला वाटतं ही माझ्याच डोळ्यांत बघून बोलतेय.

तुला ही फसवणूक वाटेल का? मला सुरुवातीला वाटली. मग मनात आलं, चुकीचं सांगण्यापेक्षा वाचून बरोबर सांगितलेलं बरं.

परवा गावी आले आणि ओसरीत तो मांडला. पहिल्यांदा लावला तर सगळी अक्षरं उलटी. मला वाटलं, भीतीने मला वाचताच येईनासं झालं. मग कळलं, मोबाइलमधला मजकूर आधी आरशासारखा उलटा करायचा असतो, म्हणजे काचेत सुलटा दिसतो. तेवढ्यात आबांची बायको, अक्का, ताकाचा तांब्या घेऊन आली. मी काचेत डोळे फाडून बघत होते. ती म्हणाली, "काच मां काय देखी राह्यनी वं? पाव्हना येणार शेतस का?" मी हसले. ती तांब्या ठेवून गेली. तू गेल्यापासून नानांना एक दिवसही उपाशी राहू दिलं नाही तिने. आणि मी उद्या काय बोलणार आहे, हे तिला माहीतच नव्हतं.

काचेबरोबर अंगठ्याएवढं एक बटन मिळालं आहे. दाबलं की अक्षरं चालतात, पुन्हा दाबलं की थांबतात. वाचता वाचता माझ्या हातून ते होईना. नाना म्हणाले, "दे आथं. मी दाबसू. तू बोल." मी म्हटलं, "नाना, कुठपर्यंत वाचलं हे तुम्हाला कसं कळणार?" तर म्हणाले, "तुना आवाज शे ना." आणि खरंच, माय, माझा श्वास अडला की ते थांबवायचे, मी सावरले की सोडायचे. डोळे मिटून, पिकाला पाणी देताना पाटाचं बारं फोडतात आणि बुजवतात तसं.

काल दुपारभर सराव केला. माणसाला धीर द्या. चावलेला हात किंवा पाय हलवू देऊ नका. दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका. सरळ सरकारी दवाखान्यात न्या. इथपर्यंत सगळं ठीक. मग खालून ते वाक्य वर यायला लागायचं. काचेच्या तळाशी त्याचं डोकं दिसलं की माझे कान गरम व्हायचे. मी त्याच्या आधीचं वाक्य वाचायचे आणि त्याच्या पुढच्यावर उडी मारायचे. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा नानांनी डोळे उघडले.

"गाळं ना काही?"

तुझेच शब्द. त्यांनी ते तुझ्याकडून कधी उचलले?

मग मी वाचलं. "कडुनिंबाचा पाला चावून कडू लागला म्हणजे विष चढलं नाही, हे खोटं आहे. विषारी साप चावला तरी पाला कडूच लागू शकतो. ती परीक्षा करत बसू नका."

नानांचा अंगठा बटनावर पुन्हा पुन्हा पडत राहिला. अक्षरं थांबली, चालली, थांबली. मला वाटलं आता ते उठून जातील. किंवा काच फेकतील. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही, काचेतच बघत राहिले.

मग म्हणाले, "तुनी माय कडू बोलनी व्हती."

"हो, नाना."

"मंग ती खोटं नही बोलनी?"

मला काही कळेना. तेव्हा ते म्हणाले, "मी समजी राह्यनू व्हतू, म्हशीनी धार काढानी राह्यनी म्हनीसन ती कडू बोलनी. माले फसाडी गई."

माय, इतकी वर्षं ते असं समजत होते! कडब्याच्या गंजीतून पेंढी ओढताना तुझ्या बोटाला काही टोचलं. तुम्ही लोक सापाचं नावही घ्यायचा नाहीत, 'जनावर' म्हणायचा. नाना तुला थानावर, आबा बघतात त्या देवाच्या ठिकाणी, घेऊन गेले, कारण गावात सगळे आधी तिथेच जातात. आबांनी आपल्या हाताने पाला तोडून तुझ्या तोंडात दिला. तू म्हणालीस, कडू लागतंय. सगळ्यांनी देवाला हात जोडले. तू घरी येऊन म्हैस पिळलीस. मग म्हणालीस, पापण्या जड झाल्यात, जरा पडते. जीप मिळेपर्यंत तुला बोलताही येईनासं झालं. मी धुळ्यात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. मण्यारीचा धडा आम्हाला पुढच्या वर्षी आला. दुखत नाही, सूज येत नाही, पापण्या पडतात. तो धडा मी वर्गात बसून वाचला आणि कोणालाच काही सांगितलं नाही.

मला तुझ्यावर राग होता, ते आज सांगते. मलाही नानांसारखंच वाटायचं. घरी भाकरी राहिल्यात, धार राहिली आहे, उगीच माणसं खोळंबली आहेत, म्हणून तू कडू म्हणालीस. तुझा स्वभावच तसा. ताप अंगात असताना "काही नही" म्हणणारी तू. धडा वाचल्यावर माझा राग गेला. पण तो धडा नानांनाही सांगावा, हे मला का सुचलं नाही? मी त्यांना जपतेय असं समजत होते. तू खरं बोलली होतीस. पाला खोटा होता.

नाना काल जेवले नाहीत. पाडव्याला पाला तोंडात घालत नाहीत हे मला माहीत होतं, का ते आता कळलं. आज सकाळी चहा घेताना एकदम म्हणाले, "त्या मां तू 'काही लोक' म्हनस. काही लोक म्हंजे कोन?"

खरंच, मी लिहिलं होतं, 'काही लोक आधी देवाच्या ठिकाणी नेतात आणि वेळ जातो.' मी म्हटलं, "नाना, कोणाचं नाव कशाला?"

"मना नाव ले. तुनी मायनं ले. मी लई गयतू तिले."

"आणि आबा? अक्का काय म्हणेल? ती आपल्याकडे पाय तरी ठेवेल का?"

"आबाले मी सांगसू," म्हणाले आणि टोपी शोधायला उठले.

आबा वाईट नाहीत गं. कोणाकडून सुपारीसुद्धा घेत नाहीत. तुझ्या दिवसांना ते नानांच्या शेजारी बसून होते. त्यांनी मनापासून दिलेल्या पाल्याचं मी हे असं जगापुढे सांगायचं? आणि नाही सांगितलं तर पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा कोणाच्या तरी तोंडात पाला देतील, तेही मनापासूनच. दोन्हीकडून मला भीतीच वाटते.

नाना आले. मध्ये लिहिणं थांबवलं होतं.

टोपी खुंटीला लावली, पाणी प्यायले. मी विचारलं, "आबा काय म्हणाले?"

"इचारं, आते कोन्ही उनं ते मी त्यासले काय सांगू?"

"मग?"

"म्हनीसन त्याले सांगं, सकाळे ये. पोर सांगी ते ऐक."

म्हणजे उद्या आबा इथे असणार, माय. याच ओसरीत, काचेच्या पलीकडे, माझ्यासमोर. अक्काही येईल. नाना जवळ येऊन मोबाइलकडे बोट दाखवून म्हणाले, "ते पालानं एक वाक्य मोठं कर." त्यांना त्यातलं एक अक्षर येत नाही. मी केलं. आता काचेत दुसरं काही मावतच नाही, तेवढंच दिसतं.

'काही लोक'वालं वाक्य खोडलं. तिथे 'माझ्या आईला आधी देवाच्या ठिकाणी नेलं आणि वेळ गेला' असं लिहिलं.

माझा आवाज कापेल, ते मला माहीत आहे. कापू दे. नाना बटन धरून असतील, मी थांबले तर तेही थांबतील आणि वाट पाहतील. पण तुला शब्द देते, चुलीपुढे बसलेल्या तुलाच वाचून दाखवतेय असं समजून वाचीन. काही गाळणार नाही.

तुझी घाबरट आंडेर,
जया