दुसऱ्याच्या खुर्चीतले तीन महिने

५ फेब्रुवारी, सोमवार

मिळालं! तात्पुरती माणसं पुरवणाऱ्या एजन्सीत आज चौथा हेलपाटा होता. तिथल्या मॅडमनी फोन खाली ठेवला आणि मान वर न करताच विचारलं, "टायपिंग येतं का? फोनवर लोक ओरडले तर रडू येतं का?" मी घाईघाईत म्हणाले, "दोन्ही येतं." त्या हसल्या आणि माझं नाव लिहिलं.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचं ऑफिस. तिथल्या बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांच्या जागी तीन महिने. "चांगलं काम केलंस तर ठेवूनही घेतात कधी कधी," मॅडम म्हणाल्या, "पण ते मनात धरून जाऊ नकोस."

मनात धरूनच चाललेय.

बाबा भिंती रंगवून आले, हाताला अजून पांढरा रंग. म्हणाले, "आपल्या घरातलं पहिलं माणूस बसून काम करणार!" आई म्हणाली, "बसता तर तुम्हीही. काम तेवढं नसतं."

६ फेब्रुवारी

पहिल्याच तासात घोळ. एका नावाच्या दोन इमारती, मी मेकॅनिक नेमका दुसरीकडे धाडला. साहेबांनी स्वतःच फोन करून त्याला परत वळवलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

अकराला फोन वाजला. "मी तुझ्या खुर्चीतली बोलतेय." त्याच बाई! दवाखान्यातून. "तक्रारवही दुसऱ्या खणात आहे. पण तिच्यात शोधू नकोस, तिच्यात काही नाही. सगळं माझ्या डोक्यात आहे. रोज अकराला फोन करीन, अडलं ते विचारत जा."

मी म्हटलं, तुम्ही आराम करा. "आरामानेच तर जीव जायची वेळ आलीय," म्हणाल्या.

१२ फेब्रुवारी

बाईंचा अकराचा फोन म्हणजे माझी शाळा. गोल इमारतीची लिफ्ट नेहमी तिसऱ्यावर अडते, तिथे उंच मेकॅनिकलाच पाठवायचं, बुटक्याला स्टूल लागतं आणि तिथे स्टूल कोणी देत नाही. बेकरीवाला भांडायला लागला की मध्ये बोलायचं नाही — दोन मिनिटांत त्याचा दम संपतो, मग सॉरी म्हणतो आणि स्वतःच वेळ ठरवतो. दोन मेकॅनिक सख्खे साडू आहेत, त्यांना एका कामावर जोडीने पाठवायचं नाही. का? "तुला लग्न झाल्यावर कळेल."

२० फेब्रुवारी

आज एक आजी लिफ्टमध्ये अडकल्या. आतल्या फोनवरून लावला तो माझ्याच टेबलावर आला. बाईंनी बजावून ठेवलं होतं — घाबरू नका असं कधी म्हणायचं नाही, म्हटलं की माणूस घाबरतंच. कुठे निघाला होतात, एवढं विचारायचं. मी विचारलं. आजी धाकट्या बहिणीकडे निघाल्या होत्या, अकरा वर्षांचा अबोला सोडायला! मेकॅनिकने दार उघडेपर्यंत भांडण का झालं ते सगळं सांगून झालं होतं. शेवटी म्हणाल्या, "थांब गं, अजून थोडं राहिलंय."

घरी येताना उगीच एक स्टॉप आधी उतरून चालत आले. हे काम मला आवडतंय.

१ मार्च

सुचलं ते लिहून ठेवते. एवढं ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात राहणं बरोबर नाही. बाई आजारी पडल्या तर सगळं ऑफिस पांगळं होतं. शिकलेल्या माणसाने हे कागदावर आणलं पाहिजे, नाहीतर शिकून उपयोग काय? मी या टेबलाची पुस्तिका लिहिणार. कोणाचा फोन आधी घ्यायचा, कुठे कोणाला पाठवायचं, कोणाशी कसं बोलायचं.

खरं सांगायचं तर साहेबांच्या नजरेतही भरायचंय. ऑफिसात अजून एक टेबल टाकायला जागा आहे, मी पाहून ठेवलीय.

४ मार्च

बाईंना सांगितलं. "माझं चरित्र लिहितेस की काय!" म्हणाल्या. पण खूश झाल्या. तासभर सांगत होत्या. मागून नर्स ओरडली, "आजी, फोन ठेवा!" तर तिलाच म्हणाल्या, "आजी कोणाला म्हणतेस? ऑफिसात आहे मी."

२२ मार्च

झाली! चौसष्ट पानं, पुढे अनुक्रमणिका. पहिल्या पानावर 'माहिती' म्हणून बाईंचं नाव, 'लेखन' म्हणून माझं. साहेबांनी उभ्यानेच चाळायला घेतली, मग खुर्ची ओढून बसले. अर्धा तास वाचत होते. "एवढं सगळं होतं या टेबलावर?" म्हणाले.

बाईंना साहेबांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणायला लावलं.

२ एप्रिल

साहेबांनी पुस्तिकेच्या तीन प्रती काढायला सांगितल्या.

५ एप्रिल, शुक्रवार

साहेबांनी आत बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. मला वाटलं, तेच!

"फार मोठं काम केलंस," म्हणाले. "आता हे टेबल कोणीही सांभाळू शकेल. वरच्यांना मी पुस्तिका पाठवली होती. ते म्हणतात, मग कायमचं माणूस कशाला? यापुढे इथे एजन्सीचंच माणूस. दर तीन महिन्यांनी नवीन."

मी विचारलं, बाई?

"रजा संपली की सांगू. आत्ता नको. आधी बऱ्या होऊ देत." मग म्हणाले, "तुला हवं तर अजून तीन महिने देतो. त्याहून जास्त नाही करता येत."

वाईट माणूस नाही. माझा चहा गार झालेला पाहून दुसरा मागवला.

अकराला बाईंचा फोन. "सांग बघू, आज किती पावलं चालले असेन? चाळीस! काठी धरून, पण चाळीस!" मी वा म्हटलं.

७ एप्रिल, रविवार

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "मी घर झकास रंगवलं आणि मालकाने ते जास्त भाड्याने देऊन आधीच्या भाडेकरूला काढलं, तर त्यात रंगाऱ्याचा काय दोष?"

आई भांडी पुसत होती. म्हणाली, "दोष नसेल. पण भाडेकरू रोज अकराला रंगाऱ्याला फोन करत असेल, तर रंगाऱ्यानेच सांगावं."

८ एप्रिल

सांगितलं.

बाई म्हणाल्या, "चौसष्ट पानं?"

हो म्हटलं.

"बावीस वर्षांची चौसष्टच भरली?"

मी नाक ओढलं. त्या म्हणाल्या, "रडतेस काय? टेबलावर रडायचं नाही. समोरून फोन येतात." आणि ठेवला.

९ एप्रिल

साहेबांना म्हटलं, मला पुढचे तीन महिने नकोत. बाईंना परत घ्या. पुस्तिकेत माणसांची नावं आहेत, पण त्या माणसांना बाईंचा आवाज माहीत आहे. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "तू नको म्हणालीस म्हणून ती जागा त्यांची होत नाही गं."

एजन्सीतल्या मॅडमना कळवलं. "तत्त्वं आहेत हे फॉर्मवर लिहायचं होतंस," म्हणाल्या. "रकाना वाढवला असता."

अकराला फोन आला नाही.

१५ एप्रिल

आजही नाही. मी केला तर सुनेने उचलला. त्या व्यायाम करतायत म्हणाली.

२४ एप्रिल

कंपनीचं पत्र बाईंना गेलं. टाइप मीच केलं, माझंच टेबल ना ते. 'आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल' असं तयार वाक्य होतं. त्यातलं 'प्रदीर्घ' खोडून 'बावीस वर्षांच्या' असं लिहिलं. साहेबांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

३ मे, शुक्रवार

शेवटचा दिवस. बेकरीवाला दोन मिनिटं ओरडला, मग सॉरी म्हणाला. मग विचारलं, "आधीच्या बाई कधी येणार?" मी म्हटलं, माहीत नाही.

४ मे, शनिवार

एजन्सीतून मॅडमचा फोन. म्हणाल्या, "लिफ्टच्या ऑफिसात सोमवारपासून नवीन बाई पाठवतेय. तीन महिन्यांसाठी. वय जरा जास्त आहे, काठी घेऊन चालतात, पण त्याच टेबलाचा बावीस वर्षांचा अनुभव आहे म्हणतात. पहिला दिवस त्यांना तुझी पुस्तिका शिकवायला जाशील का?"