दोनशे चौदावं पान

स्मोल्यान, २ मार्च २००९

चि. कालीनास अनेक आशीर्वाद.

तुझ्या इंग्रजीत लिहिलेल्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण तपासून बसचालकाच्या हाती पाठवत आहे. लाल शाई पाहून रडू नकोस. अर्धी बाटली संपली, रडायचं तर मी रडायला हवं. स्वल्पविराम म्हणजे घेवड्याचं बी नव्हे, मूठभर घेऊन फेकायला. एक वाक्य अकरा ओळी चाललंय. मध्येच उठून चहा करून आले, तरी ते संपलेलं नव्हतं.

आणि संदर्भ! ‘सर्वांना ठाऊकच आहे’ हा संदर्भ होत नाही. मूळ पुस्तक हातात घे, पान उघड, डोळ्यांनी बघ, मगच लिही. घेवड्यावरचा माझा १९७८चा प्रबंध उतरवून काढलास म्हणून सुटका नाही. शुक्रवारी, तेराला तुझा प्रबंध द्यायचाय ना?

तुझी आई म्हणते, तू जेवत नाहीस. जेव.

लोभ आहेच, शिस्तीत राहून वाढव.
तुझी वेलिका मावशी

प्लोवदिव, ६ मार्च

ती. वेलिका मावशीस सा. न. वि. वि.

तुझ्या हुकमाप्रमाणे मूळ पुस्तक शोधलं. माझं प्रकरण तुझ्या प्रबंधातल्या एका वाक्यावर उभं आहे: आपल्या डोंगरात घेवड्याचं बी एका मेंढपाळानं लोकरी मोज्यातून आणलं. आधार म्हणून तू व्हिएन्नाच्या एका प्रवाशाचं पुस्तक दिलंयस, पान २१४. ग्रंथपालबाईंनी शिंकत शिंकत ते तळघरातून काढलं. पुस्तक एकशे शहाऐंशी पानांचं आहे. मी तीनदा मोजली. बाई म्हणाल्या, अगं पोरी, मोजून पानं वाढत नाहीत. आत मोजा नाही, मेंढपाळ नाही, घेवडाही नाही.

दुसरी आवृत्ती असेल ना गं? असेल म्हण. सर म्हणाले, मोजा गेला तर प्रकरण गेलं, आणि शुक्रवार चुकला तर वर्ष गेलं.

लोभ असावा, आणि उत्तर उद्याच्याच बसनं यावं.
तुझी कालीना

स्मोल्यान, ७ मार्च

चि. कालीनास आशीर्वाद.

दुसरी आवृत्ती नाही. ते पुस्तक मी उघडलंही नव्हतं.

मोज्याची गोष्ट शेजारच्या सेव्दाबाईंनी सांगितली, ऑक्टोबर १९७६मध्ये, शेंगा सोलताना. मोजा त्यांच्या पणजोबांचा. माझ्या प्राध्यापकांनी विचारलं, शेंगा सोलणाऱ्या बाईला पृष्ठक्रमांक असतो का? म्हणून मी तिला एक दिला. एकतीस वर्षं कुणी पान उलटून पाहिलं नाही, आणि मी मात्र याच गुन्ह्यासाठी पोरं नापास करत आले.

आता ऐक. प्रवाशाला हाकल. तिथे सेव्दाबाईंचं नाव, गाव, महिना, वर्ष घाल, आणि तोंडी माहिती असं स्वच्छ लिही. ‘आणलं’ नको, ‘आणलं असं सांगतात’ कर. प्रकरण थोडं लंगडेल, पण स्वतःच्या पायांवर. माझी लबाडी तळटीपेत, माझ्या पूर्ण नावानिशी. मावशी म्हणून मऊ शब्द वापरलास तर खोडीन.

विद्यापीठाला मी आजच कबुलीचं पत्र टाकलं आहे. त्यांनी पदवी परत मागितली तर दारावरची ‘डॉ.’ची पाटी काढावी लागेल, आणि तिचे स्क्रू पार गंजलेत. शुक्रवारी प्रबंध दिलास की स्क्रूड्रायव्हर घेऊन जेवायलाच ये.

लोभ उरला असेल तर असू दे.
वेलिका मावशी