रीत कळल्याशिवाय

पनवेल, गुरुवार संध्याकाळ

सकाळी पूजा उरकून अल्गोरिदमच्या असाइनमेंटचं उत्तर पूर्ण केलं. कॉम्प्युटरवर हळू चालणारं, पण माझं. कॉलेजात माझ्याबरोबर शिकणारा, आमच्या गटातला विशीतला निखिल ते बघून हसला. "काका, नेटवर याच्यापेक्षा फास्ट आहे. गटाचं उत्तर म्हणून तेच द्यायचं ठरलंय."

"ते बरोबर का येतं, सांग बघू."

"येतं ना, बस! तुम्हाला या वयात कुठे नोकरीचे इंटरव्ह्यू द्यायचेत?"

तेच टोचतंय. नसतील द्यायचे. म्हणून शिकू नको? गावच्या शाळेत उत्तर बरोबर आलं तरी गुरुजी रीत विचारायचे. रीतच कळली नाही, तर ते उत्तर माझं कसं? उद्या देवासमोर कुठल्या तोंडाने बसू? हळू उत्तराचे मार्क जातील. जाऊ देत.

आत्ताच सरांना फोन करून गटातून बाहेर पडलो आणि माझं उत्तर एकट्याच्या नावावर अपलोड केलं.